बोचक्यातला पाला

मी कासव बोलतोय, आणि जरा घाईत आहे. हसू नका. कासवाला कसली आलीय घाई, हे तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला इथून फरशीवरूनसुद्धा वाचता येतंय. अहो, पाय हळू चालतात म्हणून मनही हळू चालतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? माझं मन सकाळी डोळा उघडल्यापासून नुसतं पळत असतं. आत्ताही समोर मुळ्याचा पाला पडलाय, शेजारी पाथरीची दोन पिवळी फुलं आहेत, जास्वंदीचं एक कोवळं पान आहे, आणि हे सगळं बाजूला ठेवून मी तुमच्याशी बोलायला थांबलोय. म्हणजे गोष्ट केवढी असेल याचा अंदाज करा.

या घरात मला ‘सावकाश’ म्हणतात. नाव ठेवलं दादाने, जो स्वतः चहासुद्धा उभ्याने आणि फुंकर न मारता पितो. मला हे नाव मुळीच पटलेलं नाही, पण हाक मारली की मी मान वर करतो. तेवढी रीत मला कळते.

माझा जन्म एका घड्याळवाल्याच्या मागच्या खोलीत झाला. वाळूची पेटी, वर पिवळा दिवा आणि आम्ही सहा भावंडं. घड्याळवाला म्हातारा होता. दिवसभर लोकांची घड्याळं उघडून बसायचा. काम संपलं की डोळ्याला लावलेलं भिंग काढायचंही विसरायचा, तसाच कुंपणाच्या कडेने फिरायचा आणि हाताला लागेल ते उपटून आणायचा. पाथरी, केना, हरळी, कधी तुतीची दोन-चार पानं. सगळं मुळासकट, मातीसकट आमच्यापुढे टाकायचा आणि आम्ही सहाही जण एकाच पानावर तुटून पडायचो. तुटून पडायला आम्हाला पाच मिनिटं लागायची, पण पडायचो.

पाथरीचं पान चावलंय कधी? दुधासारखा चीक येतो, थोडा कडवट. ती चव जिभेवर आली की मला चारी पायांत एकदम बळ आल्यासारखं होतं. केना पाणीदार आणि गुळगुळीत, उन्हाच्या दिवशी फार बरा. हरळी चावून चावून खावी लागते, तिने तोंडाला व्यायाम होतो. तुतीच्या पानाबद्दल मी बोलतच नाही, नाहीतर आत्ताच उठून शोधायला निघेन.

मग म्हाताऱ्याला त्याच्या मुलीने आपल्याकडे न्यायचं ठरवलं. भावंडं एकेका घरी गेली. मी दादाच्या वाट्याला आलो, कारण दादा त्याच्याकडे भाजी पोचवायला यायचा आणि दर वेळी माझ्याशी दोन शब्द बोलायचा.

“याला तण घालत जा,” म्हातारा म्हणाला.

दादा हसला. “काका, माझं भाजीचं दुकान आहे. तण कशाला? राजासारखा ठेवतो की याला.”

म्हाताराही हसला आणि त्याने माझ्या पाठीवर बोट टेकवलं. त्या हसण्यात माझी दोन वर्षं गेली.

दुकान तसं अरुंदच. पुढे तीन पायऱ्यांवर भाजी मांडलेली असते, तिथे अक्का बसते. अक्का म्हणजे दादाची मोठी बहीण. मागच्या खोलीत लांब टेबल, नळ आणि सदा ओली फरशी. तिथलं राज्य वहिनीचं. ती दादाची बायको, पण गल्लीतले लहानथोर सगळेच तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही.

वहिनी भाजी निवडते. आता तुम्ही म्हणाल, भाजी कोण निवडत नाही? अहो, तिच्यासारखी कोणी निवडत नाही. जुडी सोडली, झटकली, देठ खुडला, पिवळं पान गेलं, जाडं पान गेलं, माती गेली, शेतातून सोबत आलेलं गवत गेलं, आणि पुन्हा जुडी बांधून तयार. तुम्ही एक शिंक देऊन नाक पुसेपर्यंत तिच्या दोन जुड्या झालेल्या असतात. माणसं दोन दुकानं ओलांडून आमच्याकडे येतात ती याच्यासाठी. “वहिनींची जुडी घरी नेली की काही बघावं लागत नाही,” असं गिऱ्हाईक म्हणतं. वहिनी ऐकलं न ऐकलं करते, पण तिचे कान लाल होतात. खालून मला सगळं दिसतं.

अशा बाईच्या हाती मी पडलो आणि तिने माझ्यावर जीव टाकला. अगदी मनापासून टाकला, खोटं कशाला बोलू? आणि ती जीव लावणार म्हणजे निवडूनच लावणार. लेट्यूसची बाहेरची हिरवी पानं काढून आतला पांढरा गाभा माझ्यासाठी. काकडी साल काढून, बियासुद्धा काढून. कोबीचा कोवळा पोटातला भाग. टोमॅटोची फोड. सगळं धुतलेलं, पुसलेलं, बशीत मांडलेलं.

आणि खाली टेबलाच्या पायाशी काय पडायचं? तुम्हीच ऐका. मुळ्याचा पाला. गाजराचा पाला. फ्लॉवरची जाड हिरवी पानं. मेथीच्या जुड्यांतून निघालेला केना. आणि पाथरी, तीसुद्धा फुलासकट. माझ्या डोळ्यांदेखत ढीग वाढत जायचा आणि मध्ये एक प्लास्टिकचं क्रेट आडवं लावलेलं. मी कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिने तो कोपरा करून दिला होता. क्रेटच्या फटीतून वास यायचा, तोंड मात्र जायचं नाही.

एकदा केन्याचं एक पान उडून आत आलं. मी निघालो. सांगतो, आयुष्यात इतका जोरात चाललो नव्हतो. पानावर ओठ टेकले, आणि वरून वहिनीचा हात आला.

“शी, कचरा खातोस? पोट बिघडेल ना बाळा,” ती म्हणाली आणि तिने माझ्या तोंडातून ते पान ओढून घेतलं. वर काकडीचा तुकडा ठेवला. मला तिची माया कळत होती, म्हणूनच जास्त चीड येत होती.

अशी दोन वर्षं गेली. पाणी पिऊन माणूस किती दिवस जगेल? काकडी म्हणजे पाणीच. माझ्या कवचाच्या कडा वर वळायला लागल्या. पाठ बोटाने दाबली की दबायची. मागचे पाय ओढत न्यायला लागलो. पुढे पुढे त्या पांढऱ्या गाभ्याकडे बघितलं की मान आपोआप आत जायची. वहिनी घाबरली. काकडी आणखी पातळ कापून बघितली, हातावर घेऊन भरवून बघितली. दुपारी दुकान बंद असताना माझ्याजवळ उकिडवी बसून म्हणायची, “काय हवंय रे तुला? सांग की.” मी क्रेटच्या फटीकडे तोंड करून बसायचो. याहून जास्त मला काय सांगता येणार होतं?

शेवटी ती मला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी मला उलटं केलं, सुलटं केलं, वजन केलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हिरवा पाला देता ना याला?”

“एकदम पहिल्या प्रतीचा,” वहिनी म्हणाली. “आमचं भाजीचंच दुकान आहे.”

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. त्यांची तरी काय चूक? भाजीवाल्याच्या घरचं कासव पाल्यावाचून वाळतंय, हे कोणाच्या मनात येईल? त्यांनी कॅल्शियमची पूड लिहून दिली आणि म्हणाल्या, “बंद खोलीत याला मानवत नसेल. असंच चाललं तर हा थंडी काढणार नाही. माझ्या ओळखीचे एक काका आहेत, मोठी बाग आहे त्यांची, तीन कासवं पाळलीत. विचारून बघू का?”

वहिनी घरी येईपर्यंत मला छातीशी धरून आली.

संध्याकाळी तिघं मागच्या खोलीत बसली.

“देऊन टाकावं,” अक्का म्हणाली. “अगं, जीव आहे तो. आपल्या डोळ्यांसमोर गेला तर तुलाच सोसणार नाही.”

“माझ्याच हाताला यश नाही, अक्का,” वहिनी म्हणाली. “सगळ्या गल्लीला खाऊ घालते आणि एवढासा जीव माझ्याकडे उपाशी राहतो.”

दादा खाली मान घालून बसला होता. म्हणाला, “गुरुवारी बोलावतो त्यांना.”

माझं काय झालं असेल? बाग म्हणजे तुती, बाग म्हणजे हिरवळ, हे मला कळत होतं. पोट म्हणत होतं जा. पण दुपारी शेजारी येऊन उकिडवं बसणारी ही बाई तिथे नसणार, हेही कळत होतं. मला दोन्ही हवं होतं. आणि दोन्ही याच खोलीत होतं हो, फक्त एका क्रेटच्या अलीकडे आणि पलीकडे. हे मी कोणाला ओरडून सांगू?

गुरुवार उजाडला. वहिनीने टोमॅटोच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं, मला आत ठेवलं आणि वाटेत भूक लागली तर म्हणून लेट्यूसचा एक गाभाही ठेवला. पदराने डोळे टिपले आणि लगेच टेबलाकडे वळली, कारण त्या दिवशी मेथी आली होती. खूप मेथी आणि थोडे मुळे. तिचे हात चालू झाले.

खोकं ओल्या फरशीवर होतं. पुठ्ठ्याचं खोकं ओल्या फरशीवर किती वेळ टिकेल? मी कोपऱ्याला डोकं लावलं. कोपरा मऊ लागला. पुन्हा लावलं, जोर केला, आणि पुठ्ठा फाटून माझं डोकं बाहेर. मग खांदे. मग सगळा मी.

आता क्रेट नव्हतं. वहिनीची माझ्याकडे पाठ होती. मागचं दार उघडं होतं, कारण दादा टेंपोतून माल उतरवत होता. आणि दाराबाहेर, पायरीच्या अगदी खाली, गोणपाट पसरलेलं होतं. ते रोजचंच. वहिनी झाडून सगळा कचरा त्यावर लोटते, चार टोकं एकत्र बांधून बोचकं करते, आणि दादा ते टेंपोत टाकून कचराडेपोवर नेतो.

मी सुटलो. एक फरशी, दोन फरश्या. मागचे पाय साथ देत नव्हते, मी पुढच्यांनी ओढत होतो. दादा दोनदा माझ्यावरून उडी मारून गेला असेल, त्याचं लक्षच नव्हतं. सात फरश्यांनंतर उंबरठा आला, उंबरठ्यावर पोट टेकलं आणि तोल गेला. पडलो. पण कुठे पडलो? थेट जेवणात.

काय सांगू तुम्हाला. मुळ्याच्या पाल्यात माझी मान बुडाली. डावीकडे केना, उजवीकडे पाथरी, मुळाशी ओली माती. मी तोंड उघडलं आणि दोन वर्षांनी तो कडवट चीक जिभेवर आला. मला घड्याळवाल्याची खोली आठवली, माझी पाचही भावंडं आठवली, आणि मग काहीच आठवेना, कारण मी खात होतो. वरून आणखी मेथीची देठं पडत गेली. मी त्यांच्याखाली झाकला गेलो. मला कुठे पर्वा होती?

मग एकदम अंधार झाला. चारी टोकं बांधली गेली. बोचकं वर उचललं गेलं, हेलकावे खात टेंपोत धप्पकन पडलं.

“आज जड लागतंय,” दादाचा आवाज आला.

“हं,” वहिनी म्हणाली. तिचं लक्ष दाराकडे होतं, कारण बागवाले काका आले होते.

पुढचं सगळं मी बोचक्यातून ऐकलं, तोंड भरलेलं असताना.

“कुठाय पाहुणा?” काका म्हणाले.

पावलं खोक्याकडे गेली. मग एकच धांदल. टेबलाखाली बघा, पोत्यांमागे बघा, नळाच्या मोरीत बघा. अक्का गिऱ्हाईक सोडून आत आली. वहिनी नुसती “सावकाश, सावकाश” म्हणत फिरत होती. मला तिची दया येत होती. पण खरं सांगतो, चावणं मी थांबवलं नाही.

“तुम्ही शोधा,” दादा म्हणाला, “मी डेपोवर जाऊन येतो. पाच मिनिटांत गेट बंद होतं, मग हा कचरा दिवसभर वास मारत बसेल.”

टेंपो सुरू झाला. खालची पत्र्याची फळी थरथरायला लागली, आणि आता मात्र मी चावणं थांबवलं. डेपोवर काय होतं ते मला ठाऊक होतं. दादा तिथल्या कचरा भरडणाऱ्या दात्यांच्या यंत्राचं कौतुक रोज जेवताना करायचा. मी पाय झाडले, डोकं आपटलं. पण मेथीच्या देठांच्या ढिगात कासवाने डोकं आपटलं तर आवाज तो किती होणार?

टेंपो दोन हात मागे आला.

“थांबा.” वहिनीचा आवाज. “अहो, थांबा. मघाशी काय म्हणालात? जड?”

“हो, थोडंसं. का?”

“आज मेथी होती. मुळ्याच्याही दहाच जुड्या होत्या. फ्लॉवर असता तर मानलं असतं.” ती पळत आली. “मेथीच्या कचऱ्याला वजन कुठलं आलंय?”

बोचक्याची गाठ सुटली. उजेड आला. आणि वर चार तोंडं दिसली, एकावर एक वाकलेली. मी देठांतून मान वर काढली. माझ्या ओठातून पाथरीचं फूल लोंबत होतं. एवढ्या माणसांपुढे कसं दिसेल म्हणून मी ते आधी गिळलं.

वहिनीने मला उचललं नाही. ती बघत राहिली. मग तिने खोक्यातून हातात आलेला लेट्यूसचा गाभा माझ्यापुढे धरला. मी तोंड फिरवलं. तिने ढिगातलं केन्याचं एक पान उचललं, मातीसकट, आणि धरलं. मी खाल्लं. मुळ्याचं पान धरलं, खाल्लं. पिवळं पडलेलं मेथीचं पान धरलं, तेही खाल्लं. टेंपोच्या फळीवर बसून ती बाई स्वतः टाकलेलं एकेक पान निवडत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकी हळू निवडत होती.

दादाने मान खाजवली. “तो घड्याळवाला म्हणाला होता खरं, तण घाल म्हणून.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“मला वाटलं, गंमत करतायत.”

वहिनी माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, “चुकलं माझं.” अक्का चौदा वर्षं या घरात तिच्याबरोबर राहते आहे. हे शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले आणि ती दुकानात परत गेली.

बागवाले काका एवढा वेळ ढिगाकडेच बघत होते. त्यांनी वाकून एक मूठ पाला उचलला, बोटांनी सारखा केला.

“वहिनी, मी याला नेऊन करू काय?” ते म्हणाले. “माझ्याकडे तुतीची दोन झाडं आणि थोडी हरळी आहे. एवढा पाला मला एका जागी कुठे मिळायचा? उलट माझीच तीन इथे आणून सोडायला हवीत.”

ते मग तासभर बसले. वहिनीला त्यांनी सगळं समजावलं. पालक रोज नको, कधीतरी चालेल. काकडी-टोमॅटो पाहुणे आले तर. रस्त्याकडेचं तण औषध मारलेलं असतं, ते आणायचं नाही. पाला धुवायचा, पण नुसती माती जाण्यापुरता. पाथरी, केना, हरळी, तुतीची आणि जास्वंदीची पानं, मुळा-गाजराचा पाला, रोज थोडं हे थोडं ते. वहिनी बोटांवर मोजत पाठ करत होती.

निघताना काका जरा घुटमळले. म्हणाले, “हे बोचकं मला द्याल का? माझ्या तिघांसाठी?”

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं, मग ढिगाकडे, मग माझ्याकडे. तीच वहिनी, जी रोज हे सगळं झाडून बाहेर काढायची.

“आधी याचं होऊ दे, काका,” ती म्हणाली. “उरलं तर न्या.”

त्याला आता सात महिने झाले. थंडी गेली आणि मी इथेच आहे. कवचाच्या ज्या कडा वळल्या त्या तशाच राहणार, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. पण आतल्या बाजूने नवी वाढ आली आहे आणि ती टणक आहे. मागचे पाय आता माझं ऐकतात. क्रेट कधीच उचललं गेलं. मी टेबलाखाली हिंडतो आणि वरून पडेल ते झेलतो, म्हणजे पडल्यावर थोड्या वेळाने झेलतो. काका दर गुरुवारी पिशवी घेऊन येतात आणि वहिनी माझी पाटी भरल्याशिवाय त्यांना हात लावू देत नाही.

बरं, आता विनंती. तुमच्या घरीही माझ्यासारखं कोणी असेल, चार पायांचं किंवा दोन पायांचं. तुम्ही जीव ओतून ताट वाढलंत आणि त्याने तोंड फिरवलं, तर रागावू नका, आणि तुमच्या हाताला यश नाही असंही म्हणू नका. ते कुठे बघतंय तेवढं बघा. आम्हाला मागता येत नाही हो, फक्त बघता येतं.

चला, येतो. जास्वंदीचं पान कोमेजायला लागलंय.